खिचडीतली मेथी

रिद्धी : पप्पा, अकबरीभाभींची तक्रार तुम्ही केलीत का? हो की नाही, एका शब्दात!

पप्पा : कोण अकबरी?

रिद्धी : असं नका ना करू. आमच्या जुन्या शाळेत खिचडी शिजवतात त्या, माझ्या वर्गातल्या आयतची अम्मी. खिचडीत बाहेरची भाजी घातली म्हणून काल नोटीस आली त्यांना. उद्या अकराला शाळा समितीसमोर बोलावलंय. कामावरून काढतीलसुद्धा!

पप्पा : आणि हे माझ्या माथी कोणी मारलं?

रिद्धी : अख्ख्या वर्गानं. आयत म्हणाली, हिंमत असेल तर घरी विचारून दाखव. दाखवलं विचारून.

मम्मी : आधी पप्पांना जेवू दे. दिवस मावळायला आला.

रिद्धी : दोन मिनिटं, मम्मी! पप्पा, आमच्या वर्गाच्या अर्जावर बाजारपेठेतल्या सगळ्या घरांची सही आहे. फक्त आपली नाही. का?

पप्पा : कारण अर्ज वाचला मी. घराघरातल्या परसबागेची, बिनफवारणीची भाजी शाळेनं घ्यावी, ग्रामपंचायतीनं तसा ठराव करावा. बिनफवारणीची! आणि मी विकतो काय? फवारणीची औषधं. माझ्याच पाटीखाली बसून सही करू?

रिद्धी : म्हणजे तक्रार…

पप्पा : लेखी काही दिलेलं नाही मी.

रिद्धी : आणि तोंडी?

पप्पा : समितीचे निंबाआबा दुकानात चहाला बसतात. मी एवढंच म्हटलं, आबा, पोरांच्या खिचडीत हल्ली कुणाकुणाच्या घरची भाजी पडते, काही झालं तर जबाबदार कोण? शेवटी पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे.

रिद्धी : पोटाचा की दुकानाचा?

मम्मी : रिद्धी!

पप्पा : बोलू दे तिला. मग मीही विचारतो. ती बाई भाजी देणाऱ्याचं नाव का लपवते? आबांनी तीनदा विचारलं, "भाजी कोनी शे, इतलंच सांग." गप्प! काळंबेरं नसतं तर बोलली असती.

रिद्धी : आयतलाही सांगत नाहीत. महिन्यातून चार दिवस येते म्हणे, गच्च भरलेली पिशवी.

पप्पा : चारच दिवस? कोणते?

मम्मी : आठम-चौदसचे.

(रिद्धी आणि पप्पा दोघंही मम्मीकडे वळतात.)

मम्मी : अष्टमी-चतुर्दशीला आपल्या जैनांत हिरवी भाजी चालत नाही. गच्चीवरची मेथी मात्र थांबत नाही. आदल्या संध्याकाळी खुडते आणि सकाळी देऊन येते.

पप्पा : तू तर गोशाळेत देतेस ना?

मम्मी : देत होते. मग एकदा भाभी शाळेच्या ओट्यावर विकतचा पालक धूत होत्या. चार पाण्यांनी धुतला तरी वास जाईना. मी लगेच ओळखला. तुमच्या शर्टाला रोज येतो तो.

पप्पा : राजकुंवर, हे बाहेर गेलं तर? औषधवाल्या शेठच्या गच्चीवर औषधाचा थेंब नाही! पार साक्रीपर्यंत लोक हसतील. कोणता शेतकरी माझ्या दुकानाची पायरी चढेल?

मम्मी : म्हणूनच भाभींना शपथ घातली होती, नाव सांगायचं नाही. त्यांनी नोटीस घेतली, पण शपथ मोडली नाही.

पप्पा : मग राहू दे तसंच. मी आबांना सांगतो, माफीपत्र लिहून घ्या नि विषय मिटवा.

रिद्धी : माफी? कशाबद्दल? आपली मेथी शिजवली म्हणून?

पप्पा : तुला यातलं कळत नाही. लहान आहेस.

रिद्धी : दहावीत आहे! अर्ज मी लिहिलाय आणि उद्या समितीसमोर वाचणारही मीच.

पप्पा : काय बोलणार आहेस तिथे?

रिद्धी : भाजी आमच्या गच्चीवरची, हेच पहिलं वाक्य. आमचं आडनाव, दुकानाचं नाव, सगळं. मम्मी, तू भाभींच्या शेजारी बसायचं.

मम्मी : बसेन.

पप्पा : आणि मी?

रिद्धी : तुम्ही आबांना काय म्हणालात, ते मी नाही सांगणार, पप्पा. ते सांगणं तुमच्यासाठी ठेवलंय.