ऑरिनची सही

— नाही नाही, ते सह्यांचं पॅड माझ्या बरण्यांवर नको ठेवूस, बीटाच्या लोणच्याचं पाणी लागलं तर कागद बाद. आणि राग येऊ देऊ नकोस, पण तू चुकीचं करतेयस. मघापासून बघतेय मी. त्या मधवाल्याच्या हातात पॅड दिलंस आणि तिकडे पाणी प्यायला गेलीस — गेलीस की नाही? मग त्याच्या बायकोने सही केली ती तू पाहिलीस? नाही पाहिलीस. आणि संध्याकाळी शपथेवर लिहून देणार की प्रत्येक सही माझ्या डोळ्यांदेखत झाली. असं नाही चालत, बाई. पॅड हातातून सोडायचं नाही. निळं पेन, पूर्ण नाव, राहत्या घराचा पत्ता. मला कसं माहीत? अगं, चार वर्षांपूर्वी याच बाजारात, याच विषयासाठी मीच फिरत होते.

हो, हाच विषय. ज्याचं दुखणं बरं व्हायचं नाही त्याला डॉक्टरकडून औषध घेऊन आपल्या मर्जीने जाता यावं की नाही, ते राज्यातल्या लोकांनी मत देऊन ठरवावं. आधी सह्या, मग नोव्हेंबरात मतदान — तुला काय सांगायचं म्हणा, पाठ असेल तुझं. माझं पण होतं. पाद्रीबाबांनी सही केली नाही, पण चर्चच्या दारात उभं राहू दिलं. सहकारी धान्यकोठारावर गेले, कुत्र्यांच्या डॉक्टरकडे गेले, एका लग्नात गेले — नवरीने सही केली, अंगावर तो पांढरा झगा असताना. एकशे त्रेसष्ट सह्या. आपल्या एवढ्याशा जिल्ह्यात एकटीने. राज्यात एकूण सह्या पुरेशा होत्या बरं का, पण इतक्या इतक्या जिल्ह्यांतून ठरावीक सह्या हव्यात ना, तिथे गाडी अडलेली, आणि शेवटचा जिल्हा आपला. आपला झाला की झालं.

नाही झाला. एकेचाळीस कमी पडल्या. कारण माझ्या एकशे त्रेसष्टच्या एकशे त्रेसष्ट काढून टाकल्या. एका सहीपायी. एक सही खोटी निघाली की सह्या गोळा करणारीची शपथ खोटी, आणि शपथ खोटी की सगळे कागद केराच्या टोपलीत — त्या नवरीसकट.

ऑरिनची सही. माझा नवरा. त्याला तो आजार होता, एकेक स्नायू निकामी होत जातो तो. आधी पाय, मग हात, मग जीभ. त्याला पेन धरता येईना म्हणून मी केली त्याच्या नावची सही, त्यात काय मोठंसं — चाळीस वर्षं करत होते. नाताळची कार्डं, शाळेचे कागद, सगळीकडे ऑरिन ट्वेट मीच. त्याच्यापेक्षा चांगली यायची मला. तेच नडलं. जिल्हा कचेरीत ट्रूडी बसते, माझ्याच वर्गातली, ती सह्या जुळवते. तिच्याकडे ऑरिनची ताजी सही होती, गाडीच्या कागदावरची, कोंबडीने पाय ओढल्यासारखी. आणि माझी — सुरेख, वळणदार. ट्रूडीने मला बोलावलं आणि विचारलं, मावीस, ही त्याने केली का? मी म्हटलं हो. तिने परत विचारलं. मला वाटतं, मी परत हो म्हणावं असंच तिला हवं होतं. मला नाही जमलं. खटला नाही भरला कोणी, घरी आजारी माणूस म्हणून. गावातही कोणी तोंडावर बोललं नाही. आपली माणसं बोलत नाहीतच, झाकून बटाट्याचा केक आणतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारून जातात.

काय? गाडीच्या कागदावर सही केली म्हणजे पेन धरता येत होतं — हं. हुशार आहेस. होतं धरता. त्याच सकाळी आपल्या हाताने कुत्र्याला टोस्ट भरवला होता त्याने. मी कागद पुढे ठेवला, पेन हातात दिलं. त्याने वाचला, सावकाश, सगळा. आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, "मावीस, मला अजून कंटाळा आलेला नाही." एवढंच. आणि खिडकीतून बाहेर बघत बसला, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालला होता तिकडे.

तुला काय वाटतंय ते कळतंय मला. पण त्याचा थोरला भाऊ याच आजाराने आमच्याच घरात गेला होता. मीच केलं त्याचं सगळं, अकरा महिने. शेवटी शेवटी तो गुदमरायचा आणि डोळे माझ्यावर लावायचा, आणि मला करता येण्यासारखं काही नसायचं. ते पुन्हा बघायचं माझ्यात बळ नव्हतं. मला ते औषध घरात हवं होतं. नुसतं कपाटात. त्याच्यासाठी हवं म्हणत होते सगळ्यांना — माझ्यासाठी हवं होतं मला. म्हणून तो झोपल्यावर केली सही.

आणि ऑक्टोबरात तो म्हणाला, आता पुरे. म्हणाला कसला, बोलणं गेलेलंच, एक बोट हलायचं, अक्षरांच्या पाटीवर एकेक अक्षर दाखवून — आता पुरे. आणि मग, तुझं ते मतदान कधी? सह्या बाद झाल्या, मतदान होणार नाही, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं गं. पेपर लपवले होते. म्हटलं, नोव्हेंबरात, मंगळवारी. का म्हटलं, देवाला ठाऊक. त्याचा चेहरा सैल झाला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रोज पाटीवर विचारायचा, किती दिवस राहिले. आणि मी रोज सांगायची.

त्या मंगळवारी गाडीत तरी सांगायला हवं होतं. कचेरीच्या पायऱ्यांशी सांगायला हवं होतं. पण त्याला नवा शर्ट घातला होता, दाढी केली होती, चार माणसांनी खुर्ची उचलून आत नेली. मदतनीस म्हणून मला शेजारी उभं राहू दिलं. मी मतपत्रिका त्याच्यासमोर धरली. लोकांनी ठरवायचे बाकीचे प्रश्न होते, शिकारीचा होता, जुगाराच्या अड्ड्यांचा होता. तो वरून खाली वाचत गेला. मग बोट हलवलं, उलट. मी उलटली. मागे निवडून द्यायच्या न्यायाधीशांची नावं. परत बोट. परत उलटली. तीनदा केलं त्याने तसं. मग माझ्याकडे बघितलं, आणि ओळखलं. ट्रूडी समोरच बसली होती, मान वर केली नाही तिने. मी विचारलं, जुगाराचं काय करू, हो की नाही? त्याने डोळे मिटून घेतले. मी कोरी मतपत्रिका मोजणीच्या यंत्रात घातली आणि त्याला घरी आणलं. मार्चपर्यंत होता. त्या पाटीला त्याने पुन्हा बोट लावलं नाही, चार महिने.

तर माझी सही नको घेऊस. माझं नाव दिसलं की ट्रूडी तुझे सगळे कागद पुन्हा पुन्हा तपासेल, तुझ्या कष्टांवर पाणी. आणि वर गेले तरी काय होणार आहे, या वेळीही कुठलातरी जिल्हा कमी पडेलच. पडतोच. पण तू का एवढी उन्हात — पगार देतात का? नाही? मग कोणासाठी? आई. बरं. कुठे असते? तुझ्याचकडे.

तिला विचारलंस?

नको, मला नको सांगूस. हो बाजूला, मागे गिऱ्हाईक उभं आहे.