सरांचा दुसरा शब्द

मावशी : …सरांनी पाण्याचं चित्र दाबलं. मी पाणी आणलं, ते पिऊन झालं, ग्लास विसळून पालथा घातला, आणि मग हा तुझा कॉम्प्युटर म्हणतो, "मला पाणी हवंय!"

भाची : हसू नकोस गं, मावशी.

मावशी : मी कुठे हसतेय? सर हसतायत. बघ.

सर : हो, हो.

भाची : सॉरी, सर. चित्रं फार झालीत त्यात. चौथीत असताना केलं होतं मी ते. मग मावशीकडे पुन्हा बोलायला शिकायला नवं कुणी आलं की ही म्हणायची, एक चित्र वाढव. पडद्यावर ठोकळ्याला ठोकळा जोडायचा की झाला प्रोग्रॅम. आता एक हलवला की चार कोसळतात.

मावशी : मग नीट लावून दे ना.

भाची : नाही लागणार. ती ठोकळ्यांची प्रोग्रॅमिंगची भाषाच नवशिक्या मुलांसाठी आहे, मावशी. तिला एवढं ओझं झेपत नाही. आणि आवाज ऐकलास का? चौथीतला माझा!

मावशी : ते मात्र खरं. जन्मभर तलावाच्या काठावरून पोरांना पोहायला शिकवलेला माणूस. यांची हाक म्हणे पार पलीकडच्या टोकाला जायची. पक्षाघाताचा झटका आला, शब्द गेले, आणि आता बटण दाबलं की तुझा चिवचिवाट. पण कधी कुरकुर नाही हो केली सरांनी.

भाची : कशी करणार? त्यांना फक्त "हो" म्हणता येतं.

मावशी : …बरं. मग मोठ्यांच्या भाषेत लिही. कॉलेजात तेच शिकतेस ना?

भाची : शिकत होते.

मावशी : होते?

भाची : आईला सांगू नकोस. वर्गाला जात नाहीये मी. एका शाळेत लहान मुलांना ठोकळे शिकवायची नोकरी मिळतेय, तीच धरावी म्हणते.

मावशी : मुलांना शिकवायची एवढी हौस तुला? कधीपासून?

भाची : हौस नाही गं. ठोकळ्यांत माझे हात आपोआप चालतात. सगळे वा वा करतात. आणि त्या नव्या भाषेत कोरा पडदा, एक लुकलुकणारी रेघ. सगळं आपण टाइप करायचं. एक स्वल्पविराम राहिला की लाल अक्षरांत खेकसतं अंगावर. शेजारची मुलं भराभर पुढे जातात आणि मी दुपारभर एकाच ओळीवर. वर्गात सगळ्यात ढ मीच. मला सवय नाही त्याची.

मावशी : सरांना तरी कुठे होती? तो "हो" परत यायला काय काय झालं, विचार त्यांना.

भाची : विचारलं तर "हो" म्हणतील.

सर : हो!

मावशी : घ्या! बरं, नव्या भाषेत काहीच केलं नाहीस?

भाची : आहे थोडंसं. दाखवण्यासारखं नाही. एकच बटण, तेही करडं. चित्रसुद्धा नाही.

मावशी : आण. सरांपुढे ठेव.

भाची : सर, हसायचं नाही हं. दाबा.

कॉम्प्युटर : पाणी.

मावशी : अगं बाई! लगेच! आणि हा पुरुषी आवाज कुणाचा?

भाची : कॉम्प्युटरचाच. यात आवाज भरून ठेवावा लागत नाही. मी शब्द टाइप केला की तो बोलतो. कुठलाही शब्द.

कॉम्प्युटर : पाणी. पाणी. पाणी.

मावशी : पुरे, सर, बादली आणावी लागेल.

भाची : दुसरा शब्द कुठला टाकू, सर?

मावशी : जेवण टाक.

सर : हो… हो!

मावशी : थांब, हा "हो" तसला नाही. मान हलवतायत बघ. औषध? टीव्ही? सूनबाईंना बोलवायचंय?

सर : हो, हो… च… च…

मावशी : चहा!

सर : हो! चू…

भाची : मावशी, तू सांगू नकोस ना त्यांना. सर, सावकाश. मी कुठे जात नाहीये.

सर : चू… चूक.

भाची : चूक? "चूक" हा शब्द हवाय तुम्हाला?

सर : हो. हो. हो.

मावशी : अरे देवा. भूक लागली का, थंडी वाजते का, दुखतंय का… मी विचारत राहिले, आणि हे बिचारे सगळ्याला हो म्हणत राहिले.

भाची : मलाही कधी सुचलं नाही गं. एवढी चित्रं काढली, पण याचं चित्र तरी काय काढणार होते? थांबा, सर, टाकते. …अरेच्चा. लाल.

मावशी : बिघडलं?

भाची : नाही, कंस बंद करायचा राहिला. …हं. आता दाबा.

कॉम्प्युटर : चूक.

(सर बटणावरचं बोट बराच वेळ उचलत नाहीत.)

मावशी : आणि त्या नोकरीचं काय ठरलं?

भाची : सकाळी वर्ग आहे माझा. बघते. म्हणजे, जाते. शब्दाला शब्द जोडून वाक्य कसं करायचं ते तिथे विचारावं लागेल. हसले तर हसले.

मावशी : चला, सर, आजच्यापुरतं बस. दमलात तुम्ही.

कॉम्प्युटर : चूक.

मावशी : बरं बाबा, बसा. खिडकी तेवढी लावून घेते, रोजच्यासारखी. वारं येतंय तुमच्या अंगावर.

कॉम्प्युटर : चूक.

मावशी : …बरं. उघडीच ठेवते.