समोरच्या गॅरेजातली खर्र खर्र

"...हे एकटेच जाणार गं, मला नाही नेत..." एवढंच जिन्यात कानावर पडलं आणि समोरच्या वहिनींनी फोनवर बोलता बोलता दार लावून घेतलं! असं अर्धं वाक्य मागे टाकून कुणी घरात शिरतं का, तुम्हीच सांगा. मला काय करायचंय म्हणा... पण इतक्या वर्षांच्या शेजारणीला नवरा टाकून चाललाय आणि मी खुशाल चहा पीत बसू? त्यात त्यांच्या गॅरेजातून दिवसभर ती खर्र खर्र, खर्र खर्र... घर सोडून जाणारा माणूस एवढं घासतो तरी काय?

केसांना तेल लावत होते, तशीच उठून त्यांच्या गॅरेजात गेले. बघते तर भाऊजी मांडीवर अॅल्युमिनियमचा पत्रा घेऊन बारीक कानशीने त्याची कड घासतायत, नखाने चाचपतायत, की पुन्हा खर्र! मागे भिंतीला विमानाची शेपटी टेकवलेली. विमान, घरच्या घरी! म्हणे, "ताई, कडेला केसाएवढा ओरखडा राहिला ना, तरी वर गेल्यावर हादऱ्यांनी तिथूनच तडा जातो." वर म्हणजे कुठे आणि कायमचं का, हे विचारायला जीभ रेटेना, म्हणून मी आपला शेजारचा पत्रा मायेने कुरवाळला... तर हा माणूस असा ओरडला, जसं काही मी तान्ह्या बाळाला चिमटा काढला! म्हणे धुऊन, घासून, रंगासाठी तयार ठेवला होता. आता तुमच्या तेलावर रंग धरायचा नाही, आतून पत्रा गंजायचा, घ्या घासणी! मला! माझ्या घरची भांडी मोरीत तशीच, आणि मी परक्याचं विमान घासतेय... मला काय करायचंय म्हणा!

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून वहिनी आल्या. मी घासता घासता विचारूनच टाकलं, हे तुम्हाला सोडून चाललेत ते खरं का?

"एकटेच जाणार की," वहिनी म्हणाल्या. "बसायची जागाच एक आहे त्यात. एक चक्कर मारायची नि जेवायला घरी."

म्हणजे जाणं खरं, टाकून जाणं खोटं. हुश्श म्हणून मी घासणी खाली ठेवणार, तोच वहिनी कानाशी आल्या, अगदी हळू आवाजात... "ताई, नीट घासा हं. परत यायला हवेत ते."

मी घासणी पुन्हा उचलली. तेव्हापासून रोज जाते. तेल नाही, हातमोजे घालून. भाऊजी म्हणतात, "ताई, झालं, पुरे." मी कडेवरून नख फिरवते आणि पुन्हा खर्र खर्र...

मला काय करायचंय म्हणा.