बॅनरखालचे हितचिंतक

तमिळनाडूतल्या आडुतुरैच्या बसमध्ये भवानीबाईंच्या पुढच्या बाकावर दोघे तमिळमध्ये तावातावाने बोलत होते.

“विरोधकांच्या बॅनरचा खर्च कोण करतो, ते त्यांनी खाली छापलंच पाहिजे.”

“छापलंच पाहिजे, रविअण्णा.”

मग आवाज उतरला आणि भाषा मराठी झाली.

“पण अण्णा, आपल्या बॅनरखाली नुसतं ‘हितचिंतक’ लिहिलंय. ते कोण?”

“माझे सासरे.”

“ते तर विरोधी पक्षाचे शहराध्यक्ष.”

“म्हणून तर नाव नाही. जावई निवडून यायला हवा ना त्यांना.”

“हळू बोला.”

“मराठीत बोलतोय की. इथं कोणाला समजतंय?”

थांबा आला. भवानीबाई उठल्या.

“पाय जरा आत घे, बाळा,” त्या मराठीत म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्यांच्या शेजारीच राहते मी. नाव छापायचं का, विचारून सांगते.”