तिसऱ्या बेसची खडूची रेषा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या टॅमरॅक कॉलेजचे प्राचार्य डॉ. प्राइस, व्यासपीठावर बसलेले पास्टर एंगेन आणि आमचे जुने कोच ओस्कर ब्रेके, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते, बत्तीस वर्षं आपलं मैदान राखणारे श्री. हाल्वर सुंदेत आणि सौ. रॅग्ना, १९५३ च्या बेसबॉल संघातले माझे सोबती, आणि ऐन पेरणीची कामं टाकून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी आर्ने लोकेन, गावचा दंतवैद्य. या सभागृहातल्या निम्म्या मंडळींनी माझ्यासमोर तोंड उघडलेलं आहे. आज मी उघडणार आहे. दुखलं तर हात वर करा.

सुंदेतसाहेबांवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. हा माणूस वर्षाला जेमतेम चाळीस वाक्यं बोलतो, आणि त्यातली तीस पावसाबद्दल असतात. पण त्रेपन्न सालच्या वसंतात जे घडलं, ते या माणसाशिवाय घडलं असतं का?

आम्ही अकरा जण होतो. नऊ मैदानात, एक कायम आजारी आणि एक अंपायरशी भांडायला. चेंडू फेकणारा पिचर गॉर्डी नेस, तो बघा मागे उभा आहे, तेवढा एकच खरा खेळाडू. बाकी आम्ही शेतावरची पोरं. पळायला लागलो की मागे नांगर बांधल्यासारखे दिसायचो. आणि मला तर चेंडू मारताच येत नसे. कोच ओरडायचे, "लोकेन, बॅट आहे ती, गाईची शेपटी नव्हे! सैल धर जरा!"

मला येत होता फक्त बंट. डॉ. प्राइस फुटबॉलवाले आहेत, म्हणून सांगतो. चेंडूला बॅट नुसती टेकवायची, की तो खडूच्या रेषेच्या कडेकडेनं हळूहळू घरंगळत जातो. रेषेच्या आत किंवा रेषेवर थांबला तर आपला, बाहेर गेला तर फुकट.

तर एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर सुंदेतसाहेबांनी मला बोलावलं. तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या रेषेवर एक चेंडू ठेवला. कुणी हात न लावता तो आपण होऊन आत वळला! त्यांनी माती भरून रेषेला बोटभर उतार दिला होता. मी म्हटलं, "मिस्टर सुंदेत, हा तर..." ते म्हणाले, "हो." आणि फावडं उचलून चालते झाले. आमचे क्षेत्ररक्षक धिमे, म्हणून गवतही वाढू दिलेलं. यात नियम कुठेच मोडत नव्हता, पण हे उघड बोलायचंही नव्हतं.

घरच्या मैदानावर आम्ही एकही सामना हरलो नाही. बाहेर मात्र अब्रू जायची. हॉलिस्टर कॉलेजात माझे तिन्ही बंट बाहेर गेले आणि आम्ही नऊ-एकनं आपटलो. तिथली पोरं कुंपणावरून ओरडत होती, "अरे, येताना गवत आणायला विसरलात का?" "तुमचं मैदान बरं खेळतं, पुढच्या वेळी त्यालाच पाठवा की!"

परतताना बसमध्ये आम्ही एकमेकांच्या चुका मोजत होतो. शेवटी गॉर्डी म्हणाला, "आर्ने, खरं सांग. आपण जिंकतो, की त्या म्हाताऱ्याचं फावडं जिंकतं?" मी खाली वाकून बुटांचा चिखल काढू लागलो. बस चालवत होते स्वतः सुंदेतसाहेब. त्यांनी मान वळवली नाही.

शेवटचा सामना त्याच हॉलिस्टरशी, आपल्या मैदानावर. जो जिंकेल त्याचं विजेतेपद, आणि आपल्या कॉलेजनं तोवर कसलंच विजेतेपद पाहिलं नव्हतं. शेवटचा डाव, दोन-दोन अशी बरोबरी, तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेपासून एकाच टप्प्यावर, गॉर्डी, आणि बॅट कुणाच्या हातात? गाईची शेपटी धरणाऱ्याच्या! कोचनी कान चोळला. म्हणजे बंट. मनात म्हटलं, घाबरायचं काय, उतार आहे ना!

चेंडू टेकवला आणि जीव घेऊन पळालो. गॉर्डी सुटला. चेंडू निघाला रेषेवरून. त्यांचा तांबड्या केसांचा गडी धावत आला, पण उचलायचं सोडून त्यावर वाकून बसला, "जा बाहेर, जा ना रे बाहेर!" चेंडू डुलला, अडखळला आणि बरोबर खडूवर थांबला. तोवर गॉर्डी होम बेसला पोचून धाव पुरी झाली होती. तीन-दोन! त्या दिवशी प्रार्थना नसताना चर्चची घंटा वाजली. कुणी वाजवली ते पास्टर एंगेन आजही कबूल करत नाहीत.

मित्रहो, त्या एका बंटवर मी या गावात एकवीस वर्षं मिरवलो. पण दर मे महिन्यात कुणी पाठ थोपटली की मला चोरासारखं वाटायचं. ती धाव माझी नव्हती, बोटभर मातीची होती. म्हणून गेल्या रविवारी ठरवलं, या निरोपाच्या वेळी खरं सांगून मोकळं व्हायचं. तशी परवानगी मागायला सुंदेतसाहेबांच्या घरी गेलो. रॅग्नाबाईंनी कॉफी आणि गरम लेफ्से, त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, पुढे ठेवल्या. मी म्हटलं, "मी सभेत सांगणार आहे, जिंकवलं ते तुमच्या उतारानं."

ते म्हणाले, "कुठला उतार?"

"तिसऱ्या बेसचा!"

"तो गुरुवारीच काढला होता. सामना शनिवारी. गवतही कापलं. बसमध्ये गॉर्डी बोलला ते ऐकलं होतं मी. म्हटलं, आता ही पोरं स्वतःच जिंकू देत, नाहीतर स्वतःच हरू देत."

माझ्या हातातली कॉफी सांडली. "मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर बंट केला असतास?"

"अहो, पण नंतर? एकवीस वर्षं?"

ते म्हणाले, "तू विचारलंस कुठे?"

रॅग्नाबाई आतून ओरडल्या, "मलाही साठ साली कळलं!"

डॉक्टर असूनही सांगतो, मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रडलो. या माणसानं दुबळ्या पोरांना आधी उतार दिला, आणि पोरं उभी राहताहेत असं दिसताच न बोलता काढून घेतला. आमच्यापेक्षा त्यांचाच आमच्यावर जास्त भरवसा होता. गॉर्डी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं रे! ती धाव आपली होती!

सुंदेतसाहेब, बत्तीस वर्षांच्या मातीबद्दल, आणि त्या एका गुरुवारबद्दल, आम्हा सगळ्यांतर्फे तुमचे मनःपूर्वक आभार. अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि सुंदेतसाहेब, तुमच्या मातीवर मी एकवीस वर्षं जो आळ घेतला, त्याचीही माफी असावी.

आज सकाळी इथे येण्याआधी मी मैदानावर गेलो होतो. त्या रेषेवर चेंडू ठेवला आणि पाच मिनिटं बघत बसलो. जागचा हलला नाही.