बाटलीतलं उरलेलं

(मुलुंडची एक लॅब, दुपार. डॉ. लिओना मायक्रोस्कोपपाशी, शेजारी लवूकाका, तिथले जुने टेक्निशियन.)

लिओना : काका, ही स्लाइड कुठली? श्रुतिकाचा रिपोर्ट तर मी सोमवारीच दिला ना!

लवूकाका : तिचीच. तिच्या बायोप्सीच्या बाटलीत रक्ताच्यो गाठी उरलेल्यो. तुम्ही म्हणालात, नुसता रक्त आसा, टाका. पण सगळ्यांची बाटली स्लाइडीवर रिकामी करतंय, नातीची कशी सोडू? रंग बरो लागलो ना?

लिओना : रंग झकास... जीजस!

लवूकाका : काय झाला?

लिओना : थांबा. एक मिनिट बोलू नका.

लवूकाका : मॅडम, सोमवारची स्लाइड परत कशाक लावताशात?

लिओना : बसा, काका. सोमवारी मला नुसती रक्ताची तळी दिसली. म्हटलं, पायाच्या हाडातली साधी गाठ, खरवडली की संपलं. आज त्या तळ्यांच्या मधल्या भिंती आल्यात. त्यांतल्या पेशी बघवत नाहीत. एकीसारखी दुसरी नाही, केंद्रकं ही मोठी, काळीकुट्ट. एक पेशी तर दोनाऐवजी तीन भागांत फुटतेय. आणि मध्ये गुलाबी जाळी.

लवूकाका : कच्चा हाड?

लिओना : हो. ह्याच पेशी बनवतायत.

लवूकाका : तीस वर्सां स्लाइडी रंगवतंय, मॅडम. ह्याचो अर्थ माका कळता. ऑस्टिओसार्कोमा. कॅन्सर.

लिओना : त्याचाच रक्तानं भरलेला प्रकार. फार क्वचित दिसतो, आणि साध्या गाठीसारखाच दिसतो. मी एमआरआय बघायला हवा होता. तुमचा जीव टांगणीला लागलेला, म्हणून घाईनं सही केली. चुकले मी, काका.

लवूकाका : रे देवा म्हाराजा! उद्या सकाळी ऑपरेशन आसा तिचा! सगळा खरवडतले!

लिओना : नाही खरवडणार. खरवडलं तर पसरेल. हॅलो, डॉक्टर विद्याधर? लिओना. श्रुतिकाचं उद्याचं ऑपरेशन थांबवा. माझा रिपोर्ट चुकलाय... हो, माझाच. आधी केमो लागेल. स्लाइड घेऊन मी स्वतः येते.

लवूकाका : पाय वाचतलो?

लिओना : उद्या हात लावला असता तर कठीण होतं. आता आशा आहे. ह्याहून जास्त आज नाही सांगू शकत.

लवूकाका : फोन वाजता. तीच आसा.

लिओना : मी बोलू?

लवूकाका : नको, माका बोलूक द्या... हां, बाय. होय, रात्री बारानंतर उपाशी रवाचा म्हणून सांगितलेला. आता रवू नको. उद्या ऑपरेशन नाय... ता घराक येवन सांगतंय. आईक सांग, भात टाक. पोटभर जेव.