आदी तू जा!

नाही, मला एवढंच सांगा, सभ्यपणाला काही हद्द असते की नाही? माणसानं किती सभ्य असावं? चिखलात रुतेपर्यंत? सख्ख्या पुतण्याचं वाटोळं होईपर्यंत? तुम्ही म्हणाल, प्लासिड, कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोरानं वडीलधाऱ्यांबद्दल असं बोलू नये. बोलणार! वडीलधाऱ्यांनी वाट्टेल ते करायचं, आणि आम्ही बोलायचंसुद्धा नाही?

तर तुम्हाला सांगतो, वसईजवळच्या सांडोरची इनेझ. आमचं ठरलेलं होतं, म्हणजे तिचं आणि माझं, घरच्यांचं नव्हे. तिचे डॅडी ॲन्सेल्म मास्तर. नोकरी सुटली, हातातली छडी सुटली नाही. त्यांचा कायदा असा, की जो आधी दारात येईल त्याचं आधी ऐकायचं, पटलं तर शब्द द्यायचा, आणि शब्द एकदाच द्यायचा! इनेझनं निरोप धाडला, रविवारी संध्याकाळी माणिकपूरचे लोक येतायत, मुलगा मस्कतला असतो, रेडिओ-टेपवाला टू-इन-वन घेऊन आलाय. त्यांच्या आधी ये. आणि मोठं माणूस घेऊन ये, नाहीतर डॅडी फाटकातूनच परत पाठवतील.

मोठं माणूस! पप्पा गेल्यापासून आमच्या घरात मोठं माणूस एकच, बॅप्टिस्टकाका. नायगावच्या खाडीत जन्मभर शिडाची होडी चालवलेला. म्हटलं, काका, एस.टी.नं जाऊ, वेळेत पोचू. तर म्हणतात कसे, "यष्टीनं? सोयरीक मागाला यष्टीनं? तुज्या आईला मागाला आमी होडीनंच गेलतो!" अहो, तेव्हा एस.टी. नव्हती! पण हे सांगायचं कोणी? मोठं माणूस ना ते!

निघालो. काकांच्या अंगात लग्नातला काळा कोट, डांबरगोळ्यांचा वास खाडीभर. मी माझ्या दोस्ताची, हिलरीची, उसनी पांढरी बेलबॉटम घातलेली, बसलो तर सुरकुती पडेल म्हणून उभाच. ओहोटी लागलेली, म्हणजे पाणी आम्हाला वसईकडे ओढतंय. वारा मात्र तोंडावर, म्हणून होडी या काठाकडून त्या काठाकडे, त्या काठाकडून या काठाकडे, तिरकी तिरकी न्यायची. तरी बरं चाललं होतं. मी मनात ॲन्सेल्म मास्तरांना काय बोलायचं ते घोकतोय… आणि समोरून श्रीपत!

श्रीपत म्हणजे काकांचा खाडीतला दोस्त. मचवा कौलांनी काठोकाठ भरलेला, शिडात पाठचा वारा गच्च, आणि आम्ही समोरासमोर आलो कुठे? तर तिवरांच्या बेटाशी, जिथं खाडी अशी आवळते की दोन शिडं एकदम जातच नाहीत. एकानं थांबायचं, एकानं जायचं. सोपं आहे ना? तुम्हाला वाटतं सोपं आहे!

काका ओरडले, "श्रीपता, आदी तू जा! तू भरलेला, मी रिकामा. रिकाम्यानं वाट द्यावी, ही खाडीची रीत!"

मी म्हटलं, वा, जाऊ दे त्याला, दोन मिनिटांचं काम. तर तिकडून, "नाय बापतीसा, आदी तू जा! वारा माज्या पाठीशी, तुज्या तोंडावर. ज्याच्या पाठीशी वारा त्यानं वाट द्यावी, ही बी खाडीचीच रीत!"

म्हणजे बघा, दोन नियम, दोन म्हातारे, आणि प्रत्येकाला नियम आठवतो तो स्वतःच्या विरुद्ध असलेलाच! जगात लोक आपला हक्क सांगून भांडतात. हे दुसऱ्याचा हक्क सांगून भांडतायत!

"मी थांबतो!" म्हणून काकांनी शीड उतरवून होडी डाव्या काठाला घातली. "तू कसा थांबशील, मीच थांबतो!" म्हणून श्रीपतनं मचवा दुसऱ्या काठाला घातला. मधे अख्खी खाडी मोकळी! हत्ती जाईल एवढी वाट! आणि दोन्ही काठांना दोन सद्गृहस्थ, हात जोडून, "आदी तू!" "नाय, आदी तू!"

मग वय निघालं. "तू मोटा हायस, मोट्याचा मान आदी," श्रीपत. "मी कसला मोटा? तुज्या लग्नात मी मांडव घातला, एवढासा होतो मी!" काका. डोकी दोघांचीही कापसासारखी, तोंडात दात मोजून घ्या, आणि 'मी लहान, मी लहान' म्हणून भांडतायत! मग काकांकडून श्रीपतच्या बायकोची विचारपूस. "जिजाचा गुडगा कसा हाय?" आता माझ्या आयुष्याचा प्रश्न चाललाय आणि यांना जिजाकाकूचा गुडघा!

मी बोंब मारली, "तात्या, आम्हाला सोयरिकीला जायचंय हो! उशीर होतोय!" चुकलंच माझं. श्रीपततात्यांनी कपाळाला हात लावला. "सोयरिकीला? आनि माज्यासाठी थांबलास? मंग तर तूच आदी!" आणि काका छाती फुगवून, "सोयरिकीच्या वाटेवर दुसऱ्याला मागं टाकून गेलो तर पोराच्या संसाराला बरकत येल काय?"

संसार! कुठला संसार? खाली बघितलं तर होडी हलेना. पाणी गेलं! काठाचं पाणी आधी जातं हे खाडीत जन्म काढलेल्या दोघांना ठाऊक नव्हतं का? होतं! पण सभ्यपणापुढं पाण्याचं काय! तेवढ्यात रेतीवाल्यांची इंजिनाची होडी आली, भकभक धूर सोडत, मधल्या मोकळ्या वाटेतून सरळ निघून गेली. ना भोंगा, ना रामराम. काका म्हणतात, "बगितलंस? रीत नाय यांना!" रीत नाही, पण पोचले ना ते!

शेवटी मीच उतरलो, पांढऱ्या बेलबॉटमसकट, मांडीपर्यंत काळ्या चिखलात. ढकलतोय, रडतोय, शिव्या देतोय, आणि वरून दोघांचं चालूच, "आदी बापतीसाची काड रं पोरा!" "नाय, आदी श्रीपतची!" आमची काढली. देवाची शपथ, दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही.

बंदरापासून सांडोरपर्यंत काकांना जवळजवळ ओढत नेलं. केळीच्या वाड्यांमधून पळतोय, चर्चची संध्याकाळची घंटा होतेय, आणि मास्तरांच्या फाटकाशी बघतो तर काय… माणिकपूरवाले आत्ताच रिक्षातून उतरतायत! त्यांची रिक्षा पंक्चर झाली होती. म्हणजे देव आहे! आम्ही बरोबरीनं पोचलो होतो! खिडकीत इनेझ. तिनं मला चिखलासकट बघितलं आणि हसली. फाटक अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं, आणि काकांचा हात कडीवर. मी मागून कोट ओढतोय, काका, चला, काका, आत चला, काका…

काकांनी फाटक उघडलं. बाजूला झाले. मस्कतवाल्याच्या चुलत्याला हात जोडले आणि म्हणाले, "आदी तुमी या."

आणि ते गेले हो! एकदासुद्धा 'नाही, आधी तुम्ही' म्हणाले नाहीत! सगळेच्या सगळे गेले, टू-इन-वनसकट.

आत शब्द दिला गेला. आम्ही बाहेर पायरीवर. थोड्या वेळानं इनेझ आली, डोळे लाल, हातात पाण्याचा एकच पेला. तिनं तो आमच्या दोघांच्या मधे धरला. काकांनी माझ्याकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं, घसा खाकरला.

"घे पोरा," म्हणाले, "आदी तू पी."

प्यायलो. काय करता? सगळ्या खाडीत माझ्या वाट्याला आलेली पहिली पाळी होती ती.